सातवा बाक, भिंतीकडची जागा

आमची आत्या लाँड्रीत इस्त्री करते. एकतीस वर्षं तेच टेबल, तोच कोपरा. कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली बाई, असं तिच्याबद्दल म्हणता येणार नाही, कारण सगळ्या वस्तीच्या अध्यातमध्यात असणं हेच तिचं दुसरं काम होतं. चर्चमधल्या आठ-दहा जणांनी पोलीस ठाण्याशी ठरवून एक गट केला होता. जिथं म्हातारी माणसं राहतात त्या घरांवरून दुपारी फेरी मारायची, दार वाजवायचं, दोन शब्द बोलायचे, काही वेगळं दिसलं तर हवालदाराला कळवायचं. चोराला आपण धरायचं नाही, हा पहिला नियम. आत्या या गटाची म्होरकी. फेरीचं पिवळं जाकीटसुद्धा ती इस्त्री करून घालायची.

हवालदार आमच्या चर्चचा नव्हता. "बाई, तुमच्या देवाला सांगा, तिसऱ्या गल्लीकडं जरा लक्ष ठेव म्हणावं," असं तो चिडवायचा.

"त्याचं आहे लक्ष. तिथला दिवा महिनाभर बंद आहे, त्याकडे तुमचं कधी जाणार?" आत्या म्हणायची. दोघांचं छान जमायचं.

रविवारी उपासनेत मंडळीच्या प्रार्थना मोठ्यानं सांगायचं कामही आत्याकडेच. आजारी कोण, परीक्षेला कोण, प्रवासाला कोण. नुसतं 'आजाऱ्यांसाठी' म्हणणं तिला पटत नसे. देवाला मोघम सांगू नये, नाव, वार, सगळं नीट सांगावं, हा तिचा हट्ट. त्या रविवारीही तिनं तसंच सांगितलं. घड्याळदुरुस्तीवाल्या काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी आहे, काकू दोन दिवस त्यांच्यासोबत दवाखान्यात राहणार आहेत, प्रभूनं दोघांना सांभाळावं. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले.

आत्या त्या दिवशी फार खुशीत होती. माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, अकरा वर्षांनी चर्चमध्ये आले होते. अकरा वर्षं तिनं दर रविवारी त्यांचंही नाव घेतलं होतं. ते सातव्या बाकावर, भिंतीकडे, माझ्या शेजारी बसले. घरी येताना आत्या गाणं गुणगुणत होती. सुराशी तिचं कधीच पटलं नाही, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

बुधवारी दुपारी काकांच्या घराचं कुलूप तुटलं. घर रिकामंच असणार होतं. पण काकू चादर न्यायला परत आल्या. आत जो होता तो त्यांना ढकलून पळाला. त्यांचं डोकं पायरीवर आपटलं. शुक्रवारी त्या गेल्या, तेव्हा काकांच्या डोळ्यावरची पट्टीही निघाली नव्हती.

शनिवारी मी आत्याचा डबा घेऊन लाँड्रीत गेले, तेवढ्यात हवालदार आला. त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली.

"बाई, घर रिकामं आहे हे कुणाकुणाला माहीत होतं?"

आत्यानं इस्त्री उभी करून ठेवली. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. "सगळ्यांना," ती म्हणाली. "मीच सांगितलं. रविवारी, मोठ्यानं."

"मग त्या दिवशी कोण कोण आलं होतं ते सांगा."

आमच्याकडे जागा ठरलेल्या असतात. कुणी ठरवल्या नाहीत, पण वर्षानुवर्षं माणूस आपल्याच जागी बसतो. आत्यानं डोळे मिटले आणि पहिल्या बाकापासून सुरुवात केली. मुख्याध्यापक आणि त्यांच्या सासूबाई. दुसऱ्यावर बेकरीवाला, त्याच्या तीन मुली. हवालदार लिहीत गेला. सहाव्या बाकानंतर ती थांबली.

बुधवारी संध्याकाळी माझ्या वडिलांनी स्वतःचा शर्ट स्वतः धुतला होता. उभ्या आयुष्यात त्यांनी पाण्याचा पेलाही कधी विसळला नव्हता. मी ते पाहिलं होतं, आत्यानंही पाहिलं होतं, आणि दोघींनी तोंडाला कुलूप लावलं होतं. आताही तिनं सातवा बाक गाळला असता तर हवालदारानं विचारलं नसतं. त्याचा तिच्यावर विश्वास होता. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे बघत राहिले.

"सातवा बाक," आत्या म्हणाली. "माझी भाची. आणि भिंतीकडं माझा भाऊ. अकरा वर्षांनी आला होता."

"भावाचं राहू द्या हो, बाई."

"लिहा. बुधवारी त्यानं शर्ट धुतला, तेही लिहा."

आमच्या माळ्यावर जुन्या कोटात गुंडाळलेली सात घड्याळं सापडली. त्यातली दोन चालू होती. वडिलांना घेऊन गेले तेव्हा मला काहीच वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. वाटायला हवं, एवढं कळतं.

ठाण्यात त्यांना भेटायला आम्ही दोघी गेलो. त्यांनी विचारलं, "माझं नाव कुणी दिलं?"

"मी," आत्या म्हणाली.

ते तिच्याकडे वळले. "घर रिकामं आहे हेही तूच सांगितलंस ना?"

"हो," आत्या म्हणाली. पिशवीतले धुतलेले कपडे तिनं बाकावर ठेवले. त्यांनाही इस्त्री केलेली होती.

आता चर्चमध्ये कुणाचं नाव, वार, घर सांगत नाहीत. प्रार्थनेचं काम सोडते असं आत्या म्हणाली होती, पाळकसाहेबांनी ऐकलं नाही. दुपारची फेरीही ती मारते. काकांचं दार वाजवते. काका दार उघडतात, "बरं आहे" म्हणतात आणि लावून घेतात.

रविवारी सगळ्यांसाठी मागून झालं की शेवटी ती म्हणते, "आणि तुरुंगातल्या एकासाठी." कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं. काका त्यांच्या जागी असतात, मी माझ्या, माझ्या शेजारची भिंतीकडची जागा रिकामी. त्या प्रार्थनेला आमेन आत्या एकटीच म्हणते.