काष्टी ते मिरजगाव, दादाच्या विमानामागून

"उतरले दादा," भानुदास म्हणाला आणि त्याने गाडी टपरीपाशी घेतली. मोबाईलवर दादाच्या विमानाचा ठिपका लाल झाला होता. खाली अक्षरं होती: गाडी उभी आहे.

सकाळी काष्टीच्या माळावरून दादा त्याच्या हलक्या विमानातून एकटाच उडाला होता. मिरजगावला मित्राच्या रानात उतरायचं होतं. आम्ही दोघं खालून, रस्त्याने. श्रीगोंद्यापर्यंत रस्ता बरा आहे. पुढे हॉटेलं कमी. पाणी सोबत ठेवावं.

भानुदासचं नागापूरला छोटं वर्कशॉप आहे. उसाच्या टेम्पोंना तो ट्रॅकर बसवतो. विमानाचं खास यंत्र दादाला परवडणारं नव्हतं, म्हणून त्याने टेम्पोचंच बसवून घेतलं.

"टेम्पोवाले बी घासाघीस करत्यात, ताई. पन दादांपुढं ते कायच न्हाईत."

आम्ही हसलो. चहा गुळाचा होता. अजून एकेक कप घेतला. उतरल्यावर दादा आधी विमान बांधतो, मग फोन करतो.

मिरजगावला मित्र एकटाच उभा होता. दादा फोन उचलत नव्हता. भानुदासने मोबाईलवर नकाशा मोठा केला. ठिपका मिरजगावच्या बराच अलीकडे होता.

"गाडी हालायची थांबली की हे झोपतं, ताई. थांबल्याली जागा धाडतच न्हाई, आधीचीच दावतं. बॅटरी वाचावी म्हनून. उभ्या टेम्पोला कोन शोधतंय?"

आम्ही मागे फिरलो. शेवटच्या ठिपक्यापाशी नुसती तूर होती. बांधावरची बाई म्हणाली, "आवाज आला हुता. मंग गप झालं. आमाला वाटलं, लांब गेलं." तिने ओढ्यापलीकडे हात केला.

दादा मोडलेल्या पंखाच्या सावलीत टेकून बसला होता. पट्टा सोडलेला. हेल्मेट काढून शेजारी ठेवलेलं. श्वास नव्हता.

कमी उंचीवर उडणारे वाचक विचारतात, स्वस्तातला ट्रॅकर घ्यावा का? घ्या. पण थांबल्यावरही तो जागा राहील, असं आधी करून घ्या. थांबलेलं विमानच शोधावं लागतं.

त्या रस्त्याचं आता मला फार आठवत नाही. दुसरा कप आठवतो.

रात्री आम्ही दादाला पुण्याला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भानुदास दारात उभा होता. आईने त्याला आत बोलावलं आणि विचारलं, "लगेच गेला ना रे तो?"

भानुदासने माझ्याकडे पाहिलं. 

"न्हाई, मावशी," तो म्हणाला.