काशीचं तिसरं तिकीट

आमच्या दारावरून जाताना काकी नाकावरचा पदर बाजूला करून आईला म्हणायची, "बांगडे तळतास, वैनीनू? तळा, तळा. मी काशीक सोडलंय." आणि थोडा वेळ वासातच उभी राहायची.

एकदा तीर्थाला जाऊन आली की उरलेला जन्म तिथूनच बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकी त्यातली. चिंचपोकळीच्या चाळीत ती आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. नवरा गेल्यावर भावाबरोबर काशीला गेली. तिथे आवडती गोष्ट सोडायची रीत, म्हणून मालवणच्या या बाईनं बांगडा सोडला.

मी दादरच्या ऑफिसातून दमून यावं, तर आई तिच्या गुडघ्याला गुडघा लावून गंगेच्या गोष्टी ऐकत असायची. मी काही सांगायला गेले की आई म्हणायची, "थांब गं, होडी मध्यावर आलीय."

मला ते लागायचं. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आईचं हसणं काकीच्या वाट्याचं, ओरडणं तेवढं माझं.

शेवटी मीच काशीची तिकिटं काढली. आईचं आणि माझं. आईनं ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "काकीचं कुठाय?"

तिसरं काढावं लागलं.

घाटावर काकीनं आईचा हात धरून तिला पाण्यात उतरवलं. "भियू नकात, वैनीनू. मी आसंय." दोघींनी एकदमच बुडी मारली आणि लहान मुलींसारख्या हसत वर आल्या. मी पायरीवर त्यांचे कोरडे कपडे, चपला, चष्मे सांभाळत उभी. मलाही उतरता आलं असतं. पण कुणी बोलावलं नाही, आणि न बोलावता जायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

पंडितानं आईला विचारलं, "माताजी, क्या छोड़ेंगी?"

आई चहा म्हणेल असं मला वाटलं. तिनं काकीकडे पाहिलं. काकी हळूच म्हणाली, "चेडवावर ओरडणा सोडा."

आईनं माझ्यावर ओरडणं खरंच सोडलं. दूध उतू गेलं, मला यायला उशीर झाला, तरी आई गप्प. उलट डोक्यावरून हात फिरवायची. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं, पण काकीनं सांगितलं म्हणून. ते काही मला गोड लागेना.

पुढे चाळ पाडायला घेतली. आम्ही लालबागला भाड्यानं गेलो, काकी लेकीकडे नालासोपाऱ्याला. रोज रात्री फोन. आई दार लोटून घ्यायची.

गेल्या दिवाळीनंतर काकी गेली. मी आईला टॅक्सीनं घेऊन गेले. आई थेट तिच्या उशाशी जाऊन बसली. कपाळावरचे केस मागे सारले, पदर सारखा केला, कानाशी वाकून काहीबाही बोलत राहिली. दुसऱ्या कुणाला जवळ जायला जागाच उरली नाही.

काकीची लेक भिंतीला टेकून उभी होती. मला म्हणाली, "माझ्याशी आई दोन शब्द बोलायची. बाकी सगळं तुमच्या आईला."

बोलताना तिची नजर माझ्या आईवरून हलत नव्हती. ती नजर मला ओळखीची होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.