बाबांचा शिकारीचा प्लॅन

गेल्या शनिवारी आम्ही डुकराच्या शिकारीला जाणार होतो. म्हणजे मी आणि बाबा... ब्रिस्टलहून नदीवरचा पूल ओलांडून, डीनच्या जंगलात.

हसू नका. आमचं गाव संगमेश्वरच्या बाजूला आहे आणि बाबांकडे पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक होती. डुकरं भातात शिरली की पारध बाबाच ठरवायचे. हाकारे कुठून ओरडत निघणार, बंदूकवाले कुठे बसणार, सगळं.

आई गेली आणि मार्चमध्ये मी बाबांना इकडे ब्रिस्टलला घेऊन आले. दोन महिने खिडकीशी बसून असायचे. जेवलात का, हो. झोपलात का, हो. आईचा विषय तर दोघंही काढत नव्हतो... मी काढला की ते उठून बेसिनमधली भांडी घासायला लागायचे.

मग एक दिवस ऑफिसमधल्या स्टीव्हने सांगितलं, डीनच्या जंगलात रानडुकरं वाढलीत, परवा फुटबॉलचं अख्खं ग्राउंड उकरून ठेवलं. जंगल पब्लिकचं आहे, कोणीही जाऊ शकतं, असंही म्हणाला. मी घरी येऊन सहज बोलून गेले.

बाबा खुर्चीत सरळ बसले. "कोणीही जाऊ शकतं?"

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर कौन्सिलच्या एका पत्राच्या मागे नकाशा तयार! ओढा, चढण, हाकाऱ्यांच्या खुणा. वारा कुठून वाहतो ते मला वेदरच्या साइटवर बघायला लावलं. मग विचारलं, "हाकाऱ्याला आठ माणसं लागतील. तुझ्या मराठी मंडळातली मुलं येतील?"

"येतील की."

"त्यांना ओरडता येतं का पण?"

सगळे सॉफ्टवेअरवाले... काय सांगणार! चॅरिटी शॉपमधून बाबांनी जाड तळव्याचे बूटही आणले. रोज संध्याकाळी मी दारात पाऊल ठेवायच्या आत नवीन प्रश्न तयार असायचा. मला इतकं बरं वाटत होतं की बंदूक कुठून आणणार हे विचारायचं आणि फोन करून चौकशी करायचंही मी टाळत राहिले.

शेवटी बुधवारी लंच ब्रेकमध्ये जंगलाच्या ऑफिसला फोन लावला. बाई फार गोड बोलल्या. चाला, सायकल चालवा, पिकनिक करा, वेलकम! पण शिकार? नाही. तिथे बंदूक फक्त त्यांचे रेंजर चालवतात. पब्लिकचं जंगल म्हणजे पब्लिकने फिरायचं जंगल... हे मला आधीच कळायला हवं होतं.

दोन दिवस मी सांगायचं पुढे ढकललं. वाटलं, सांगितलं की हा माणूस परत खिडकीशी जाऊन बसणार. शुक्रवारी जेवताना कसंबसं सांगून टाकलं.

बाबांनी ताटातला भात कालवला. "परवाना नाही म्हणजे नाही," म्हणाले. "गावात बिनपरवान्याचा कोणी आला तर मी त्याला रानातून हाकलून द्यायचो." मग आमटीचा भुरका मारून, "बघायला तर बंदी नाही ना?"

तर शनिवारी सकाळी आम्ही दोघंच निघालो. एरवी रस्त्यावर बाबा माझ्या दोन पावलं मागे चालतात, कुठे चुकायला नको म्हणून. जंगलात मात्र ते पुढे आणि मी मागे. एके ठिकाणी जमीन नांगरल्यासारखी उकरलेली होती. एका झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर डुकराने अंग घासून चिखल फासलेला. बाबांनी बोट लावून बघितलं. "ओला आहे. आज सकाळचाच."

समोरून एक म्हातारे गृहस्थ येत होते, त्यांचा स्पॅनियल कुत्रा मोकळा पुढे पळत होता. अचानक बाबा थांबले. मला काही ऐकू आलं नाही, पण इथे आल्यापासून थँक्यूशिवाय इंग्लिश न बोललेले माझे बाबा खणखणीत ओरडले, "सर! डॉग! रोप! रोप!"

त्या गृहस्थांनी दचकून कुत्र्याला पकडलं आणि लीडची दोरी अडकवली... तेवढ्यात उजवीकडचं नेच्याचं रान हललं आणि डुकरीण बाहेर आली. दहा-बारा पावलांवर! तिच्यामागे पट्ट्यापट्ट्यांची पाच पिल्लं.

बाबांनी हात आडवा धरून मला मागे केलं. "हलू नकोस," एवढंच पुटपुटले. ती फुरफुरली, आमच्याकडे बघत राहिली. मग वळली, आणि पिल्लं एकामागोमाग एक पायवाट ओलांडून गेली. 

गृहस्थांचं नाव डेरेक. आयुष्यभर तिथल्या खाणीत काम केलेला माणूस. गेल्याच महिन्यात त्यांच्या शेजाऱ्याच्या कुत्र्याचं पोट अशाच डुकरिणीने फाडलं होतं. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. मग ओंडक्यावर बसून फ्लास्कमधला चहा झाला. बाबांनी खिशातून नकाशा काढून सगळी पारध समजावली, मी ट्रान्सलेट करत होते. डेरेकने मान हलवत विचारलं, आज बंदूक असती तर?

"पिल्लं पाठीशी असलेल्या डुकरिणीवर बार टाकत नाहीत," बाबा म्हणाले. "जो टाकतो, त्याला आमच्याकडे माणूस म्हणत नाहीत."

परतताना पुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. बाबा बाहेर पाण्याकडे बघत होते. एकदम म्हणाले, "तुझ्या आईला शिकारीचा फार राग. पारधीवरून आलो की मला मागीलदारी आंघोळ केल्याशिवाय घरात घ्यायची नाही. एकदा तर थंडीत तासभर बाहेर बसवलं होतं."

आणि हसले. मग डोळे पुसले, आणि परत हसले.

मी इंजिन बंद केलं. आईच्या गोष्टी एकातून एक निघत होत्या... काही तर मलाही माहीत नव्हत्या. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा कळलं, रांग पुढे सरकली होती. इतकी लवकर का सरकली, असं वाटलं मला.