उजव्या हातावरचा गोल

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक अतिशहाणपणा केला होता. तो निस्तरला पालघरच्या आमच्या हॉस्पिटलातल्या वॉर्डच्या मावशींनी, म्हणून आज मी सिस्टर आहे.

त्या आठवड्यात डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळ्यांची, आणि आम्हा विद्यार्थिनींचीही, लपलेल्या टीबीची तपासणी होती. यात माणूस आजारी नसतो, त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही. जंतू नुसते अंगात झोपून असतात. सोमवारी हातावर कातडीखाली थेंबभर औषध टोचलं आणि जागा सापडावी म्हणून भोवती बॉलपेनने गोल काढला. तिथे कडक गाठ आली का, हे बुधवारी ट्यूटर मॅडम पट्टीने मोजणार होत्या.

बुधवारी सकाळी वेणी घालताना पाहिलं, तर माझ्या गोलात टरटरून फुगलेली गाठ! लपलेला टीबी म्हणजे आजार नव्हे, हे परीक्षेत लिहून मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. पण मार्क मिळवणारी मी वेगळी आणि उमरोळी गावात वाढलेली मी वेगळी. लहानपणी आमच्या आळीत टीबी झालेल्या एका काकांचं ताट-पेला वेगळा ठेवलेला मी पाहिला होता. मला घरी पाठवतील, शिक्षण सुटेल, आई लोकांना काय सांगेल, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

मग मी स्पिरिटने डाव्या हातावरचा गोल पुसला, उजव्या हातावर तस्सा नवा काढला, एप्रनची डावी बाही मनगटापर्यंत ओढली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दुपारी रांगेत उभी राहिले.

रांगेच्या कडेला मावशी कापसाचे बोळे गोळा करत होत्या. डोंगराकडच्या गावातल्या, माझ्या आईपेक्षा मोठ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाकीच्या मुलींकडे पाहिलं आणि "चल, बादली धर" म्हणत मला धुण्याच्या खोलीत नेलं.

"पोरी, सगल्यांना डाव्या हाताला टोचला. तुलाच कसा उजव्याला?"

इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. मला रडू फुटलं. मावशींनी बांगड्या मागे सारून स्वतःचा हात दाखवला. गाठ माझ्याहून मोठी.

"सकालीच मोजून आली मी. मना कोनी हाकलला? छातीचा फोटो काढतील, गोल्या देतील. लपवलास तर आत झोपलेला हाय तो कवा उठंल, ठाव हाय तुला?"

"मावशी, कुणाला सांगू नका ना."

"माज्या तोंडून तुजा नाव नाय निघनार. तू सांग."

सांगायचं धैर्य गोळा करण्यात माझे दोन तास गेले. मॅडम वेळेच्या पक्क्या, चारला खोलीला कुलूप. मी गेले तेव्हा साडेपाच वाजले होते, तरी मॅडम वही उघडी ठेवून बसलेल्या. माझं नशीब, असं वाटलं. मी रडत दोन्ही हात पुढे केले. "डावा," एवढंच म्हणून त्यांनी पट्टी लावली.

फोटो स्वच्छ निघाला. पुढचे बारा गुरुवार मावशींनी आणि मी एकत्रच गोळ्या घेतल्या. त्या नाचणीची भाकरी आणायच्या, मी वाडीतले चिकू. पहिल्या गुरुवारी लघवी केशरी झाली आणि मी धावत त्यांच्याकडे गेले. त्या गोळ्यांनी असं होतंच, हे पुस्तकात वाचलेली मी, आणि घाबरलेही मीच. त्या पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या.

आता मी बोईसरला असते आणि नव्या मुलींच्या गाठी मीच मोजते. गेल्या महिन्यात मॅडम भेटल्या, तेव्हा त्या दिवसाचं मी त्यांना विचारलं.

"मावशी येऊन म्हणाल्या, एक पोर यायची हाय, वही मिटू नका," मॅडम हसत म्हणाल्या. "कोण ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही."

मावशी आता निवृत्त होऊन गावी असतात. मी लगेच त्यांना फोन लावला.

"मावशी, आणि त्या दिवशी मी आलेच नसते तर?"

"गुरवारी बी मोजता येतो ना? मॅडमना सांगून ठेवलेला, उद्या पन वही मिटू नका."