बडग्याचा चष्मा

सक्करदऱ्याच्या आमच्या भागातून निवडून आलेला आमदार मुदत अर्ध्यावर असताना पक्ष बदलून सत्तेत जाऊन बसला, तेव्हा पक्षांतर अडवणारा कायदा अजून झालाच नव्हता. म्हणून लाजही नसावी असं थोडंच आहे? ती त्याने स्वतःच्या हिमतीवर सोडली.

माझे बाबा निवृत्त कारकून. विरोधी पक्षाच्या या माणसासाठी त्यांनी निवडणुकीत दारोदार फिरून टाचा झिजवल्या होत्या. हिवाळी अधिवेशनात त्याच्याकडूनच पास मिळाला, म्हणून हौसेने इस्त्रीचा सदरा घालून विधानभवनात गेले. परत आले ते ओसरीवरच बसले. मी पाणी दिलं, तेव्हा म्हणाले, “तो आपल्या बाजूले नाही बसून राहिला वं. तिकडं मंत्र्यायच्या मागं बसला आहे.”

मला संताप आला. जायचंच होतं तर राजीनामा द्यायचा, पोटनिवडणूक लढवायची, पुन्हा आमच्या दारात हात जोडून उभं राहायचं. मतं आमची होती, त्याच्या घरचं सामान नव्हतं ते.

माझी अडचण वेगळीच होती. मी ज्या शाळेत शिकवत होते, तिच्या संस्थेचा अध्यक्ष हाच. नोकरी तात्पुरती होती, त्या वर्षी कायम व्हायची होती. बाबांच्या पेन्शनीवर घर चालणारं नव्हतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुढचा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचे मोठे पुतळे, मिरवत निघतात, आणि त्यांच्यासोबत बडगे. वर्षभर ज्याने लोकांना छळलं त्याचा पुतळा, म्हणजे बडग्या, करायचा, गावभर मिरवायचा आणि शेवटी नेऊन जाळायचा. आमच्या गल्लीचा दंडक असा, की बडग्यावर नाव लिहायचं नाही. बघणाऱ्याने चेहऱ्यावरूनच ओळखला पाहिजे, नाही तर करणाऱ्यांची फजिती. त्या वर्षीचा बडग्या आमच्याच अंगणात उभा राहिला. बांबूचा सांगाडा, तणसाचं पोट, वर जुना कुडता. चेहरा काही केल्या जमेना. मग कोणीतरी सायकलची जुनी ट्यूब कापून जाड काळ्या काड्यांचा चष्मा केला. तो डोळ्यांवर चढवला मात्र, सगळं अंगण हसून लोटपोट झालं. साक्षात आमदार!

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचा सचिव आला. चहा घेतला, बाबांची तब्येत विचारली, मग माझ्याकडे वळून गोडीत म्हणाला, “बाई, साहेबायले राग नाही. पोट्टे मजाक करतेच. तेवढा चष्मा काढून घ्या म्हना. तुमचं कायमचं काम होऊनच राहिलं आहे.”

तो गेला आणि बाबा उठले. अंगणात जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने चष्मा काढला. ज्यांनी त्याच्यासाठी उन्हातान्हात मतं मागितली, तेच आता त्याचं तोंड झाकायला निघाले होते, आणि तेही माझ्यासाठी. मला रडूच आलं, पण ते रागाचं.

“बाबा, द्या तो इकडं.”

“काहून वं? बिनचष्म्याचा बी बडग्याच राहते. तुही नोकरी जाईन.”

“जाऊ द्या. तो पलटला तेव्हा त्याने तुम्हाला विचारलं होतं? मग मी पण त्याला नाही विचारत.”

 बाबा चष्मा माझ्या हातात ठेवून आत गेले. मी स्टुलावर चढले आणि तो पुन्हा बडग्याच्या नाकावर नीट बसवला. वाऱ्याने पडू नये म्हणून सुतळीने मागे करकचून बांधलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी “घेऊन जा गे मारबत” च्या गजरात बडग्या निघाला. रस्त्यात कोणालाच तो कोण ते सांगावं लागलं नाही. बाबाही चौकापर्यंत आले होते.

पोळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. दार लोटून हळूच म्हणाल्या, “पोरांनी लावला असेल ना तो चष्मा? तसं म्हण. मी सांभाळून घेते.”

“मी लावला,” म्हटलं.

महिना संपला तशी नोकरीही संपली. मग गांधीबागेत कापडाच्या एका ठोक दुकानात बिलं लिहीत बसले. पुढच्या निवडणुकीत तो माणूस पुन्हा निवडून आला, आमच्या गल्लीतूनही त्याला मतं पडली, आणि हे ऐकून लोक अजून मला विचारतात, मग काय मिळवलंस? त्यांना सांगते, त्या मतांत आमच्या घरचं एकही नव्हतं.