पेजेचं पथ्य

पेजेवर माझा अजून राग आहे. कुणी प्रेमाने वाटी पुढे केली तरी माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात मला विषमज्वर झाला. गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होता. वडील बोटीवर नोकरीला, घरात आई आणि मी. ताप उतरला, पण मी काही उठेना. सावंतवाडीला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी माझी निवड झाली होती, जूनमध्ये हजर व्हायचं होतं, आणि इथे विहिरीपर्यंत जायला मला भिंत धरावी लागे. खायला काय? सकाळी पेज, दुपारी पेज, रात्री पेज, सोबत मिठाचा खडा. शेजारी बांगडे भाजले की वास थेट माझ्या बाजेपाशी यायचा. मी रडायची. अहो, बांगड्यासाठी रडायची!

मालवणहून डॉक्टर आले. त्यांनी माझा दंड चिमटीत धरून पाहिला आणि आईवर उखडलेच. "पेज म्हणजे जळण. जळण हवंच, पण नुसत्या जळणाने भिंत उभी राहते का? झिजलेलं मांस भरून यायला प्रथिनं लागतात. डाळ द्या, अंडं द्या, उकडलेली मासळी द्या. थोडा नारळाचा रस द्या, त्यातल्या तेलाने अंगात दम येतो. हे नाही मिळालं तर शरीर स्वतःचंच मांस खातं!"

आई "होय, होय" करत मान डोलावत राहिली. डॉक्टर अंगणाबाहेर पडले आणि माझ्यापुढे पुन्हा पेज आली.

"आये, डॉक्टरान काय सांगितल्यान तुका?"

"डॉक्टराक काय जाता सांगूक! आतडी कच्ची आसत तुझी. गपचीप जेव."

"बाळंतिणीक मुडदुशी चलता, मग माका कित्याक नाय?"

मुडदुशी म्हणजे आमच्याकडची सगळ्यात हलकी मासळी. दुसऱ्या दिवशी ती देवळात जाऊन कौल लावून आली. गुरवाने देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या, आईने विचारलं, पथ्य पाळूचा मा? उजवी पाकळी पडली, म्हणजे होय. माझं डोकंच फिरलं. डॉक्टरशी भांडता येतं, आईशी भांडता येतं. देवाशी काय डोंबल भांडणार?

मी वाटी ढकलून दिली. "परत जा. मुडदुशी चलात काय, असा इचार. बघूया देव काय म्हणता."

"मी इचारूचंय नाय."

"कित्याक?"

"देवान होय म्हटल्यान तर?" आई एकदम ओरडली. "तुझ्या थोरल्या भावाक असोच ताप इल्लो. उतारलो. तेना माशासाठी हट्ट केल्यान. मी दिलंय. माझ्या हातान दिलंय."

मला एक भाऊ होता आणि तो लहानपणीच गेला, एवढंच मला ठाऊक होतं. आता हिच्यावर चिडायचं तरी कसं? पण मी चिडले. तो गेला म्हणून मीही बाजेवर वाळून जायचं?

"तो खावन गेलो, मी उपाशी जातलंय!" मी म्हटलं.

आई उठली आणि किनाऱ्यावर गेली. दोन मुडदुश्या घेऊन आली. हळद-मीठ घालून उकडल्या, वर नारळाचा रस ओतला, ताट माझ्यापुढे ठेवलं आणि विहिरीवर जाऊन पाठमोरी बसली. मी काटेसुद्धा चोखून टाकले. हाक मारल्यावर आली, ताटाकडे बघितलंही नाही. माझ्या कपाळावर हात ठेवला.

"आये, ताप नाय गो."

"गप," ती म्हणाली आणि काळोख पडेपर्यंत हात तसाच ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी तिने न सांगता मुगाची आमटी केली. जूनमध्ये मी सावंतवाडीला निघाले, ट्रंक स्वतः उचलून. एसटी सुरू झाली तेव्हा आईने खिडकीतून हात आत घातला आणि आधी माझं कपाळ पाहिलं.