म्रिकाच्या घरची पहाट

थेथ या आमच्या डोंगरी गावात शेजारी गिर्यारोहकांना म्हणत, "म्रिकाच्या पाहुणेघरात उतरलात तर झोप विसरा. कोंबड्याच्या आधी ती पाहुण्याला बाहेर काढते."

आमच्या डोंगरांत झोपलेल्या पाहुण्याला उठवणे म्हणजे त्याला हाकलणेच. पण पलीकडच्या गावाकडे जाणारी राष्ट्रीय उद्यानातली उंच खिंड दुपारचे ढग येण्यापूर्वी ओलांडली पाहिजे, यावर म्रिका ठाम होती. हातात मक्याची भाकरी आणि चीज देऊन, बुटांच्या नाड्या स्वतः तपासून ती पाहुण्यांना वाटेला लावी. शेजारचा प्रेक आपल्या पाहुण्यांना मनसोक्त झोपू देई. एका उन्हाळ्यात जवळजवळ सारे त्याच्याकडे वळले आणि म्रिकावर पाहुणेघर बंद करण्याची वेळ आली.

मग एका दुपारी खिंडीवर गारा कोसळल्या. प्रेकचे पाहुणे अर्ध्या वाटेवरून भिजून, गुडघे फोडून घेऊन परतले. म्रिकाकडचे एकमेव जोडपे तेव्हा पलीकडच्या गावात निवांत जेवत होते. संध्याकाळी प्रेकचेच पाहुणे तिच्या दारात उभे राहिले. "काकू, उद्या आम्हालाही उठवा."

पुढे प्रेकही पहाटे चूल पेटवू लागला. "म्रिकाकाकू," त्याने एकदा विचारले, "पाहुण्याला उठवताना तुला लाज नाही वाटली?"

"वाटायची की. त्याचं प्रेत दारात आलं असतं तर जास्त वाटली असती."